मागचं धूसर करण्याआधी

चवथ आटोपली की घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फोटोंचा पाऊस सुरू होतो. पेडण्याच्या घरातले फोटो, डिचोलीच्या घरातले फोटो आणि ज्यांना यंदा रजा मिळाली नाही त्यांच्या पुण्या-बंगळुरूच्या फ्लॅटमधले फोटो. अलीकडे या सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसते. पुढे उभा असलेला माणूस लख्ख, आणि त्याच्या मागचं सगळं लोण्यासारखं मऊ आणि धूसर. मागे गणपती आहे हे एका केशरी डागावरून ओळखायचं. समई म्हणजे चार-पाच सोनेरी चकत्या. आणि वरची माटोळी म्हणजे हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांचा एक ढग.

आपल्या सभासदांपैकी जे गोव्याचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर छताला टांगलेली लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीचे घोस, तोरंजन, चिबूड, आंबाडे आणि रानातली कवंडळं, घागऱ्या, कांगले असं त्या मोसमात मिळणारं सगळं बांधतात. आमच्याकडे मखर साधं चालतं, माटोळी मात्र भरगच्च लागते. गोवा सरकारचं कला आणि संस्कृती संचालनालय तर माटोळीची स्पर्धाच घेतं.

तर मुद्दा धूसरपणाचा. दिसायला तो छान दिसतो, यात वाद नाही. आपल्या एका वाचकांनी मेल करून विचारलं आहे, "चवथीला गावी जातोय. माझ्याकडे ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्स आहे. एफ १.२ घेऊ का? म्हणतात, तिचा बोके फार सुंदर असतो." प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढ्यात मिळणार नाही. त्यासाठी आधी हा धूसरपणा येतो कुठून, प्रत्येक लेन्सचा वेगळा का असतो, आणि जास्तीचे पैसे नेमके कशाचे मोजायचे, हे पाहू.

'बोके' हा शब्द ऐकून घाबरू नका, मांजरांशी त्याचा संबंध नाही. (पुढे थोडासा येईल.) धूसरपणासाठीचा हा मूळ जपानी शब्द. १९९७ साली 'फोटो टेक्निक्स' या अमेरिकन मासिकाने त्यावर लेख छापले आणि तिथून तो जगभर गेला. त्याचा अर्थ किती धूसर एवढाच नाही, तर कसा धूसर असाही आहे. आधी 'किती' पाहू, मग 'कसा'.

छिद्र केवढं, चकती तेवढी

लेन्सवर लिहिलेला एफ आकडा म्हणजे साधा भागाकार. लेन्सचं फोकल अंतर भागिले तिच्या छिद्राचा व्यास. म्हणून ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्सचं छिद्र सुमारे २८ मिलिमीटरचं, तर ८५ मिलिमीटर एफ १.४ लेन्सचं छिद्र सुमारे ६१ मिलिमीटरचं. इथे छिद्र म्हणजे लेन्समध्ये समोरून पाहिल्यावर जेवढं दिसतं तेवढं.

आता एक नियम सांगतो. तो फारसा कुणी सांगत नाही, पण एकदा कळला की पुन्हा आकडेमोड करावी लागत नाही. तुम्ही चेहऱ्यावर फोकस केलंय आणि मागे खूप लांबवर एक दिवा आहे. फोटोत त्या दिव्याची चकती होईल. चेहऱ्याच्या मापाने मोजली, तर ती चकती बरोबर लेन्सच्या छिद्राएवढी असते. ८५ मिलिमीटर एफ १.४ ने काढलेल्या फोटोत चेहऱ्याशेजारी ६ सेंटीमीटरची चकती दिसेल, म्हणजे गालाएवढी. चेहरा जवळ असो की लांब, हा हिशेब बदलत नाही. दिवा फार लांब नसेल तर चकती त्या प्रमाणात लहान होते. चेहरा २ मीटरवर आणि समई ६ मीटरवर असेल तर दोन तृतीयांश, म्हणजे ४ सेंटीमीटर.

मग फोनवरही एफ १.८ लिहिलेलं असतं, त्याचं काय? फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं खरं फोकल अंतर ६-७ मिलिमीटरच असतं. भागाकार करा, छिद्र ४ मिलिमीटरच्याही आत येतं. म्हणजे चेहऱ्याशेजारची चकती फार तर तुरीच्या दाण्याएवढी. फोनच्या लेन्सला मागचं धूसर करणं जवळपास जमतच नाही. तो धूसरपणा तिथे हिशेबाने तयार केला जातो. ती गोष्ट पुढे येईल.

या मोठ्या छिद्राची किंमतही मोजावी लागते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटर एफ १.४ ने २ मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारी जागा पुढे-मागे मिळून साधारण साडेचार सेंटीमीटर. डोळे स्पष्ट आले, तर कान गेले. ५० मिलिमीटर एफ १.८ ला हीच जागा १७ सेंटीमीटरच्या आसपास असते, म्हणजे एक चेहरा व्यवस्थित मावतो.

चहाच्या पेल्यातली कमान

आता 'कसा धूसर' याकडे येऊ. इथे लेन्सच्या चुका, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली 'विपथनं', कामाला येतात.

सकाळचं तिरपं ऊन येत असताना स्टीलच्या पेल्यात चहा घ्या आणि वरून बघा. चहावर दोन चकचकीत कमानी दिसतील, मधे एका टोकाशी मिळालेल्या. पेल्याची गोल भिंत सूर्याचे किरण आत फेकते, पण ते सगळे एका बिंदूत जमत नाहीत. काठाकडून आलेले एकीकडे, मधून आलेले दुसरीकडे. त्यांच्या गर्दीची रेषा म्हणजे ती कमान. हेच गोलीय विपथन. साध्या फुगीर भिंगातही हेच घडतं. कडेचे किरण जास्त वाकतात आणि भिंगाच्या जवळ येऊन मिळतात, मधले किरण थोडे पुढे जाऊन मिळतात. मग फोकस कुठे म्हणायचं?

छिद्र लहान असेल तर कडेचे किरण आतच येत नाहीत आणि भांडण मिटतं. छिद्र मोठं केलं की भांडण वेगाने वाढतं. छिद्राचा व्यास दुप्पट केला, म्हणजे एफ २.८ वरून एफ १.४ वर आलात, की या चुकीने पसरणारा डाग आठपट होतो. दुप्पट नाही, चौपट नाही, आठपट. जास्त प्रकाश घेणाऱ्या लेन्सा जड आणि महाग का असतात याचं मूळ या 'आठपट'मध्ये आहे. जर्मन गणिती लुडविग फॉन सायडल यांनी १८५७ साली अशा पाच चुकांचं गणित मांडलं. त्यातली काही छिद्राबरोबर वाढतात, काही चौकटीच्या कोपऱ्याकडे जाताना वाढतात, काही दोन्हींमुळे. लेन्स बनवणारे आजही याच पाचांशी झगडत असतात.

ही चूक किती बारीक असू शकते याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे हबल दुर्बीण. १९९० साली ती अवकाशात गेली आणि पहिली चित्रं धूसर आली. २.४ मीटरचा आरसा काठाशी सुमारे २ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम पन्नासावा भाग, जास्त सपाट घासला गेला होता. १९९३ च्या डिसेंबरमध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन तिला जणू चष्मा बसवला, तेव्हा ती नीट पाहू लागली.

पण कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये एक गंमत आहे, जी दुर्बिणीला नको असते. कॅमेऱ्याला फोकसबाहेरचं जगही दाखवायचं असतं. आणि तिथे हीच चूक थोडीशी शिल्लक ठेवली, तर मागच्या दिव्याची चकती मधे उजळ आणि काठाला विरघळणारी होते. म्हणजे मऊ बोके. उलट ही चूक पुसायच्या नादात हात जास्त चालला, तर चकतीच्या काठावर उजळ कडं येतं आणि मागच्या प्रत्येक काडीच्या दोन काड्या दिसतात. माटोळीला लोंबणारी सुंभाची दोरी अशा लेन्समध्ये दुहेरी दिसते आणि डोळ्याला टोचते.

शिवाय, मागे मऊपणा आला की पुढे कडा येते. मागचं मऊ करणारी चूक पुढच्या फुलांना कडक करते. खातं एकच आहे, एका बाजूला जमा केलं की दुसऱ्या बाजूला खर्ची पडतं. निकॉनने १९९० साली १३५ मिलिमीटर एफ २ ची एक लेन्स काढली, तिच्यावर या कामासाठी वेगळी कडीच दिली होती. फिरवा आणि ठरवा, मऊपणा मागे हवा की पुढे. दोन्हीकडे हवा, असा पर्याय त्या कडीवर नव्हता.

समईची परीक्षा

आता एक प्रयोग सांगतो. नवी किंवा जुनी लेन्स घेण्याआधी हा जरूर करा, मुलांना सोबत घ्या. घरात डिचोलीची पितळी समई असेल तर उत्तम. डिचोलीच्या कारागिरांच्या समया गोव्यात घरोघरी असतात, अनेक थरांच्या आणि भरपूर वातींच्या. संध्याकाळी खोलीतले दिवे मालवा, समई पेटवा. कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर कुणाला तरी बसवा, समई त्यांच्या मागे चार मीटर ठेवा. लेन्स पूर्ण उघडी ठेवून माणसाच्या डोळ्यावर फोकस करा. मग फोटो मोठा करून वातींच्या चकत्या बघा.

पहिली गोष्ट, चकतीचा काठ. विरघळता आहे की कडं आहे, हे वर सांगितलंच.

दुसरी, चकतीच्या आत कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं दिसतात का. काही लेन्सांमध्ये एक भिंग गोलाकार नसतं, कडेकडे मुद्दाम वेगळ्या वळणाचं केलेलं असतं, म्हणजे एका भिंगात दोन-तीन भिंगांचं काम होतं. हे भिंग बऱ्याचदा साच्यात दाबून काढतात. साचा घासतानाच्या बारीक चऱ्या त्यावर उतरतात आणि वातीच्या चकतीत कांदा होऊन दिसतात. म्हणजे गोलीय विपथन काढायला आणलेला उपाय स्वतःची सही मागे ठेवून जातो.

तिसरी, रंग. काच निळा प्रकाश जास्त वाकवते आणि तांबडा कमी, त्यामुळे प्रत्येक रंगाचं फोकस किंचित वेगळ्या अंतरावर पडतं. हे वर्णविपथन. १७५८ साली लंडनच्या जॉन डॉलंड यांनी दोन प्रकारच्या काचा जोडून ते कमी करण्याचं पेटंट घेतलं. तरी मोठ्या छिद्राच्या लेन्समध्ये ते थोडं उरतंच. त्यासाठी समईच्याच मधल्या थरावर फोकस करा आणि पितळेच्या चकाकत्या कडा बघा. बहुतेक लेन्सांत फोकसच्या पुढच्या कडांना जांभळट-गुलाबी झाक येते, मागच्या कडांना हिरवट. पितळ या बाबतीत फार चहाडखोर आहे. लेन्सची जी चूक सुती साडीवर दिसत नाही, ती पितळेवर लगेच दिसते.

चौथी गोष्ट, कोपरे. समई चौकटीच्या मधे असताना चकत्या गोल येतील. आता तीच समई चौकटीच्या कोपऱ्यात येईल असा कॅमेरा वळवा. चकत्या लिंबाच्या फाकेसारख्या निमुळत्या होतात. लेन्स ही एक नळी आहे. तिरपं पाहिलं की नळीचा पुढचा काठ आणि मागचा काठ मिळून छिद्राचा थोडा भाग झाकतात. या आकाराला मांजराचा डोळा म्हणतात, म्हणजे शेवटी बोक्यांचा संबंध आलाच! कोपऱ्यातल्या दिव्यावर थेट फोकस असूनही त्याला पाखरासारखे पंख फुटले असतील, तर ती वेगळी चूक, 'कोमा' नावाची. निकॉनने १९७७ साली ५८ मिलिमीटर एफ १.२ ची 'नॉक्ट' लेन्स रात्रीच्या दिव्यांचे हे पंख छाटण्यासाठीच बनवली होती. त्यातलं खास भिंग हाताने घासलेलं होतं.

पाचवा प्रयोग मुलांसाठी. काळ्या कार्डपेपरात एक रुपयाएवढा चांदणीचा आकार कापा आणि कार्ड लेन्सच्या तोंडाला लावा. समईच्या सगळ्या वाती चांदण्या होतील. चकतीचा आकार दिव्याचा नसतोच, तो छिद्राचा असतो, हे त्यांना एकदा दिसलं की कायमचं समजतं.

जास्तीचे पैसे कशाचे?

आता मेलमधल्या प्रश्नाचा अर्धा भाग. कॅननच्या आरएफ मालिकेतल्या ५० मिलिमीटरच्या दोन लेन्सा उदाहरणादाखल घेऊ. एफ १.८ मध्ये ६ भिंगं, वजन १६० ग्रॅम. एफ १.२ मध्ये १५ भिंगं, वजन ९५० ग्रॅम. किमतीतला फरक सुमारे दहापट. प्रकाश किती जास्त मिळतो? सव्वादोन पट. म्हणजे पैसे प्रकाशाचे नाहीत, प्रकाशाबरोबर येणारी भांडणं मिटवण्याचे आहेत. जास्तीची ९ भिंगं त्यासाठीच.

ही भांडणं कुठवर नेता येतात, याचं टोक म्हणजे नासासाठी झाइसने १९६० च्या दशकात बनवलेली ५० मिलिमीटर एफ ०.७ लेन्स. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी त्यातल्या तीन मिळवल्या आणि १९७५ च्या 'बॅरी लिंडन'मध्ये खोलीतले प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले. स्पष्ट दिसणारी जागा इतकी पातळ की नटांना जवळजवळ पुतळ्यासारखं बसावं लागे.

आमच्याकडे मोठ्या छिद्राची लेन्स खऱ्या अर्थाने कुठे लागते? पेडण्याकडच्या एखाद्या गावात रात्रभर चालणाऱ्या दशावतारात. रंगमंचावर एक बाक, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज, आणि डोक्यावर मिळतील ते दिवे. संकासुर एका जागी थांबत नाही, त्यामुळे शटर वेगवान हवं. तिथे एफ १.४ म्हणजे चैन नाही, गरज आहे. मागचा पडदा, वायरी, माइकचे दांडे धूसर झाले तर बिघडतही नाही. डिचोलीच्या नव्या सोमवारी रात्री निघणाऱ्या पालखीचंही तसंच. अंधार आहे, माणसं चालताहेत, दिवे हलताहेत. अशा ठिकाणी लेन्स पूर्ण उघडा आणि तिच्या चुकांसकट तिला काम करू द्या.

फोन आधी मोजतो, मग पसरवतो

फोनचा 'पोर्ट्रेट' प्रकार २०१६ साली आयफोन ७ प्लसमुळे घराघरांत पोचला. २०१७ साली गुगलच्या पिक्सेल २ ने एकाच मागच्या कॅमेऱ्यावर तो करून दाखवला. माझा रोजचा धंदा सॉफ्टवेअरचा, त्यामुळे या भागाचं मला जास्त कौतुक. फोन दोन कॅमेऱ्यांच्या, किंवा एकाच सेन्सरच्या दोन अर्ध्यांच्या, किंचित वेगळ्या नजरेवरून कोण पुढे आणि कोण मागे याचा नकाशा करतो. माणूस कुठे संपतो हे शिकवलेल्या मॉडेलकडून ठरवतो. मग नकाशाप्रमाणे मागचं पसरवतो.

चुका कुठे होतात? नकाशाच्या सीमेवर. वेणीतल्या अबोलीचे वळेसर, कपाळावरचे मोकळे केस, हातातला काचेचा पेला. केसांच्या मधली जागा धूसर व्हायची राहते, किंवा केसच अर्धे पुसले जातात.

समईचं दुखणं वेगळं. पावसात अंगणात एक घागर ठेवा. काठोकाठ भरल्यावर वरून किती पाणी वाहून गेलं, हे घागर सांगू शकत नाही. सेन्सरचा प्रत्येक ठिपका अशी एक घागर आहे. वातीवर फोकस असेल तर त्या ठिपक्यांच्या घागरी भरून वाहतात, आणि वातीचा खरा उजेड किती होता ही माहितीच हरवते. मग फोन त्या एका भरलेल्या घागरीचं पाणी शेकडो घागरींत वाटतो आणि चकती मळकट, राखाडी होते. खरी लेन्स उलटं करते. ती वातीचा उजेड आधी शेकडो घागरींवर पसरवते, तेव्हा कुठलीच सहजी भरून वाहत नाही, आणि चकती सोन्यासारखी चमकते. लेन्स आधी पसरवते, मग मोजते. फोन आधी मोजतो, मग पसरवतो. नवे फोन वेगवेगळ्या उजेडाचे अनेक फोटो जोडून ही तूट भरायचा प्रयत्न करतात आणि दरवर्षी सुधारतातही. पण मळकट समई दिसली की आता कारण तुम्हाला ठाऊक आहे.

फोनची एक बाजू मात्र मोठ्या लेन्सपेक्षा सरस आहे. आयफोनमध्ये आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पोर्ट्रेट फोटोचा मूळ स्पष्ट फोटो आणि खोलीचा नकाशा फाइलसोबत ठेवलेला असतो. 'एडिट'मध्ये जाऊन धूसरपणा कमी करता येतो, पूर्ण काढताही येतो. पण हे फक्त मूळ फाइलमध्ये. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या प्रतीत जे धूसर झालं ते कायमचं. खऱ्या लेन्सने धूसर केलेलंही तसंच, परत येत नाही.

काय गेलं, ते नंतर कळतं

हे सगळं आता का सांगतोय? पेडणे तालुक्यात माझ्या मामांचं घर आहे. तिथली माटोळी आजोबा बांधायचे. चौकटीच्या कुठल्या पट्टीला काय, नारळाची पेंड कुठे, तोरंजन कुठे, रानातलं सामान कुठल्या क्रमाने, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कुणी लिहून ठेवलं नाही, कारण लिहायची गरज कधी वाटली नाही. आजोबा गेले. पुढे मामांनी माटोळी बांधायला घेतली आणि पहिल्याच पट्टीशी अडले. मामी म्हणाल्या, "फोटो बघा की. एवढे फोटो आहेत."

फोटो खरंच भरपूर होते. अलीकडच्या सात-आठ वर्षांतले शेकड्याने, सगळ्यांच्या फोनमधले. नातवंडं, सुना, आरती, फुगड्या. चेहरे एकापेक्षा एक सुंदर. आणि प्रत्येकात माथ्यावर तो हिरवा-पिवळा ढग. मूळ फाइली जुन्या फोनांबरोबर गेलेल्या, उरल्या त्या गटावरच्या प्रती. शेवटी कामाला आला तो १९९८ चा एक छापील फोटो. साध्या रिळाच्या कॅमेऱ्याने फ्लॅश मारून काढलेला. कला म्हणून त्यात काही नाही. सगळ्यांचे डोळे लाल, आजी अर्धी चौकटीबाहेर. पण लहान छिद्र आणि फ्लॅश, त्यामुळे पुढच्या पाटापासून मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत सगळं स्पष्ट. मामांनी भिंग लावून चिबूड मोजले, सुपारीचे घोस कुठे ते पाहिलं आणि माटोळी बांधली. कोपऱ्यातली एक फांदी कसली ते फोटोतही कळेना. ती शेजारच्या आजींनी सांगितली.

पोर्ट्रेट फोटो काढणाऱ्या पोरांचं यात काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी आजोबांचा चेहरा टिपला आणि आज तोच चेहरा भिंतीवर आहे. पण धूसर करणं म्हणजे काय महत्त्वाचं नाही ते ठरवणं. हे ठरवणं आपण आज करतो, आणि गरज पडते वीस वर्षांनी, दुसऱ्याच कुणाला. डिचोलीतल्या डोंगरांनी खाणी पाहिल्या, पेडण्यात मोपाच्या पठारावर विमानतळ आला. रानातून येणारं माटोळीचं सामान पुढच्या पिढीला कुठे आणि कितपत मिळेल, कोण सांगणार? अमुक साली अमुक घरात वर काय टांगलं होतं, याची नोंद कुठल्याही कार्यालयात होत नाही. ती आपल्या फोटोंच्या मागच्या भागातच होते.

तर, लेन्स घ्यायची का?

मेल करणाऱ्या वाचकांना माझं उत्तर असं. रात्रीचे दशावतार, पालख्या, अंधारातली माणसं हा तुमचा नियमित विषय असेल, तर एफ १.२ किंवा एफ १.४ चा विचार जरूर करा. घेण्याआधी समईची परीक्षा मात्र करा, स्वतःच्या डोळ्यांनी, कारण बोके कुणाला कसा आवडतो हे आंब्यासारखं आहे, मानकुराद की हापूस हा वाद मिटत नाही. वर्षातून चार सणांचे घरचे फोटो एवढंच असेल, तर तुमची एफ १.८ भरपूर आहे. उरलेल्या पैशातला थोडा भाग एका बऱ्या ट्रायपॉडवर घाला.

ट्रायपॉड कशासाठी? दुसऱ्या फोटोसाठी. पहिला फोटो हवा तसा काढा, लेन्स उघडी, मागचं मऊ, समईच्या सोनेरी चकत्या. मग माणसांना बाजूला करा आणि एक फोटो एफ ८ वर काढा. ३५ मिलिमीटर लेन्स एफ ८ वर ठेवून ३ मीटरवर फोकस केलंत, तर फुल फ्रेमवर साधारण २ मीटरपासून ७ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. म्हणजे गणपतीची अख्खी खोली. प्रकाश एफ १.४ च्या मानाने बत्तीस पटींनी कमी होतो, म्हणून जिथे साठाव्या भागाचा सेकंद पुरत होता तिथे आता अर्धा सेकंद लागेल. हातात तो धरवत नाही. ट्रायपॉड नसेल तर स्टुलावर उशी ठेवून त्यावर कॅमेरा टेका आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. माटोळी हलत नाही, गणपतीही हलत नाही. पंखा तेवढा बंद करा, घागऱ्या डोलतात.

फोनवाल्यांना तर याहून सोपं आहे. पोर्ट्रेट बंद करा आणि साध्या प्रकारात मुख्य कॅमेऱ्याने फोटो काढा. छिद्र चार मिलिमीटरच्या आत असल्यामुळे फोनला एरवी जे जमत नाही, तेच इथे उपयोगी पडतं. एक फोटो समोरून, एक माटोळीच्या बरोबर खालून वर बघत. मूळ फाइल गटावर नव्हे, ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा.

आणि त्या फोटोखाली, घरातलं जे कुणी मोठं माणूस शेजारी असेल त्यांना विचारून, वर टांगलेल्या प्रत्येक फळाचं आणि फांदीचं नाव लिहून ठेवा. लेन्स कितीही चांगली असली तरी कवंडळाच्या फोटोवरून 'कवंडळ' हा शब्द उमटत नाही.

पुढच्या महिन्यात जुन्या छापील फोटोंचं स्कॅनिंग घरच्या घरी कसं करायचं, ते पाहू. तोवर तुमच्या घरातले १९९८ च्या सुमाराचे अल्बम शोधून ठेवा.